हाय लाइन: एक फसलेली फेरी आणि एक जमलेली

आधी केस काय ते सांगते. माणसं चार आणि एक स्ट्रोलर. आई 69 वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलते. बाबा 73, अख्खी नोकरी रेल्वेत पी-वे मध्ये म्हणजे रुळांच्या खात्यात गेली, भुसावळ डिव्हिजनमधून रिटायर. मी, नवरा, आणि स्ट्रोलरमध्ये आमची दोन वर्षांची कन्या. जागा न्यूयॉर्कमधली हाय लाइन, म्हणजे रस्त्याच्या वरून जाणाऱ्या जुन्या मालगाडीच्या लाइनवर केलेली लांबट बाग, दिवस जुलैमधला शनिवार, वेळ दुपारी एक. प्लॅन माझा होता, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं नाही.

प्लॅन असा की दक्षिण टोकाला गॅन्सव्हॉर्ट स्ट्रीटपाशी चढायचं आणि सरळ चालत 34 व्या स्ट्रीटला उतरायचं (स्ट्रीटचे आकडे उत्तरेकडे वाढत जातात). लांबी 2.33 किलोमीटर, मॅप म्हणतो अर्धा तास, आई आहे म्हणून मी तास धरला आणि आपण किती विचार करतो म्हणून स्वतःवरच खूश झाले. तिकीट नाही, फुकट आहे, बाग आहे म्हणजे झाडं असणार सावली असणार, बाकं असणार, कंटाळा आलाच तर कुठूनही बाहेर पडू.

"कुठूनही बाहेर पडू" इथेच सगळं गंडलं, पण ते कळायला 18 वी स्ट्रीट यावी लागली.

सुरुवात झकास झाली. गॅन्सव्हॉर्टच्या लिफ्टने वर गेलो, रस्त्यापासून साधारण 30 फूट वर, म्हणजे आपण तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या लेव्हलला असतो आणि खाली टॅक्स्या चाललेल्या दिसतात. बाबांनी वर आल्या आल्या झाडांकडे ढुंकून पाहिलं नाही, खाली वाकून जमीन बघायला लागले. पायाखाली सिमेंटच्या लांब लांब फळ्या आहेत, त्या टोकाला निमुळत्या होत जातात आणि त्यांच्या फटींतून गवत वर येतं, काही ठिकाणी तीच फळी वर उचलली जाऊन तिचाच बाक होतो. आणि मधेच झाडोऱ्यात रूळ. खरे रूळ. बाबा म्हणाले, "हे शोचे आहेत का ओरिजिनल?" मी वाचून आले होते त्यामुळे ऐटीत सांगितलं की ओरिजिनल आहेत, बाग करताना सगळे रूळ उखडले, प्रत्येकावर नंबर टाकला, नकाशात नोंद केली आणि नंतर त्यातले बरेचसे होते तिथेच परत आणून ठेवले. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आम्ही रूळ बदलला की जुना भंगाराच्या ढिगात. नंबर टाकून परत लावला असता तर साहेबाने वेड्यातच काढलं असतं."

मग गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. त्यांनी दोन रुळांच्या मधे पाऊल टाकून अंदाज घेतला (आत जायचं नसतं, कडेकडेनेच, मी लक्ष ठेवून होते) आणि निकाल दिला, मीटरपेक्षा मोठी, ब्रॉडपेक्षा लहान. बरोबरच आहे, इथली स्टँडर्ड गेज 1435 मिलिमीटर, आपली ब्रॉड 1676. खिळे लाकडी स्लीपरात ठोकलेले आहेत, पँड्रॉल क्लिप (रूळ धरून ठेवणारी स्प्रिंगची क्लिप) नाही, हेही त्यांनी आईला समजावलं. आईने "हो का" म्हटलं. चाळीस वर्षं म्हणतेय ती.

14 आणि 15 च्या मधे सनडेक नावाचा भाग आहे, तिथे लाकडी आरामखुर्च्या आहेत, त्यांना खाली गाडीसारखी चाकं, जणू रुळावर उभ्या केल्यात. समोर हडसन नदी. फरशीवरून पाण्याचा एक पातळ पापुद्रा वाहत असतो आणि पोरं त्यात अनवाणी नाचत असतात, आमची पण नाचली, दहा मिनिटं म्हणता म्हणता पंचवीस गेली. मग 15 ते 16 मध्ये लाइन चक्क एका बिल्डिंगच्या पोटातून जाते, ही जुनी नबिस्कोची बिस्किट फॅक्टरी, आता खाली चेल्सी मार्केट आहे. गाडी थेट फॅक्टरीत शिरायची, माल उतरवायची, रस्त्यावर यायची गरजच नाही. तिथे मस्त सावली, खायच्या गाड्या, बसायला जागा, आणि जवळच 16 व्या स्ट्रीटपाशी वॉशरूम. आई म्हणाली इथे बसूया थोडं. मी म्हटलं अगं आत्ताशी तर सुरुवात आहे, पुढे अजून छान आहे.

हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा आठवलं.

17 व्या स्ट्रीटला लाइन 10 व्या अव्हेन्यूला ओलांडते, तिथे गॅलरीसारख्या पायऱ्या खाली उतरतात आणि समोर मोठी काच, काचेतून खाली अव्हेन्यूवरचा ट्रॅफिक लांबवर पळताना दिसतो. लोक सिनेमा बघितल्यासारखे रस्ता बघत बसतात. मला ही आयडिया फार आवडते, पण बसायचं तर पायऱ्या उतरा, आणि उठायचं तर चढा. आई उतरली नाही, वरच उभी राहिली. उभं राहणं तिला चालण्यापेक्षा जड जातं हे मला माहीत आहे, चाळीस वर्षांची बाई आहे मी, पण मी काचेतून फोटो काढत होते.

18 ला तिने कठडा धरला आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." ज्यांच्या घरी अशी आई आहे त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

तर आता परिस्थिती बघा. डोक्यावर दीड-दोनचं ऊन, 17 ते 20 चा पट्टा गवताळ, कमरेएवढं गवत आणि फुलं, दिसायला अप्रतिम, सावली म्हणाल तर नाही. मला माहीत होत्या त्या लिफ्टी मागे 14 ला, नाहीतर पुढे 23 ला. जिने अधेमधे आहेत, पण गुडघा दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं वाईट, आणि हे जिने म्हणजे दोन-तीन मजले. मॅनहॅटनमध्ये एक ब्लॉक साधारण 80 मीटर धरतात, म्हणजे मागे सव्वातीनशे मीटर, पुढे चारशे. स्ट्रोलर वेगळाच. खाली रस्त्यावर टॅक्सी दिसतेय, हात केला तर ड्रायव्हर बघेल इतकी जवळ, आणि आपण तिथे जाऊ शकत नाही. साध्या बागेत असं कधी होत नाही, तिथे फाटक शंभर पावलांवर असतं नाहीतर आडवं हिरवळीवरून तरी जाता येतं. इथे आडवं जायला काही नाहीच. एक लाइन आहे, पुढे चला नाहीतर मागे चला.

आम्ही पुढे गेलो. आता विचार केला तर ते चुकलंच, मागे फिरायला हवं होतं, दोन-अडीच ब्लॉकवर सावली होती, वॉशरूम होतं, खुर्च्या होत्या, सगळं डोळ्यांनी बघितलेलं. पण अर्ध्यातून परत फिरायचं म्हणजे प्लॅन फसला हे कबूल करायचं, आणि शिवाय दुपारची गर्दी सगळी आमच्यासारखीच दक्षिणेकडून येत होती, तिच्या उलट्या दिशेने स्ट्रोलर आणि आई घेऊन जाणं नको वाटलं. वाट मुळात अरुंद आहे, मालगाडीच्या दोन ट्रॅकपुरती, बहुतेक ठिकाणी 30 ते 60 फूट, त्यातली निम्मी झाडांना. शनिवारी दुपारी तिथे चालणं म्हणजे दादरच्या पुलावर फोटो काढत चालणं.

नशीब असं की 20 ते 22 मध्ये झाडी दाट होते, वाट अजून अरुंद आणि एकदम गारवा. त्याला थिकेट म्हणतात, छोटं रानच. तिथे एक बाक रिकामा झाला, नवरा अक्षरशः धावत जाऊन त्यावर बसला, आणि आईला बसवली. अर्धा तास हललो नाही. खालच्या मातीची खोली सरासरी 18 इंच, तेवढ्यात ही झाडं, यावर आईचा विश्वास बसेना, तिने वाकून बोट खुपसून बघितलं. मग जरा तरतरी आल्यावर म्हणाली, मेली ही लाइन वर कशाला नेली मुळात.

आणि खरं तर हाच प्रश्न मी घरी विचारायला हवा होता, कारण त्याच्या उत्तरात माझ्या प्लॅनच्या सगळ्या चुका आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे मालगाड्या रस्त्यावरूनच चालायच्या, 10 व्या अव्हेन्यूच्या मधोमध, घोडागाड्या, माणसं, पोरं यांच्यातून. इतके लोक मेले की रस्त्याचं नावच डेथ अव्हेन्यू पडलं. मग रेल्वेने घोडेस्वार ठेवले, गाडीच्या पुढे घोड्यावरून लाल बावटा दाखवत जायचं, लोकांनी त्यांना वेस्ट साइड काउबॉय नाव दिलं, शेवटचे 1941 पर्यंत होते. बाबांना हे फार पटलं, गेटमनच की तो, फक्त घोड्यावरचा. 1934 मध्ये वरची लाइन सुरू झाली आणि ती मुद्दाम अव्हेन्यूवरून न नेता ब्लॉकच्या मधून, बिल्डिंगींना चिकटून, काही ठिकाणी आतून नेली. दूध, मांस, भाजीपाला थेट गोदामात. भरलेल्या दोन मालगाड्या एकदम पेलतील असं स्ट्रक्चर. म्हणजे ही वस्तू माणसांनी चढू-उतरू नये म्हणूनच बांधलेली, माणसं आणि गाडी वेगळी ठेवण्यासाठी. तिच्यावर नंतर जिने आणि लिफ्टी जोडल्या. वाट अरुंद का, सावली कमी का, उतरायला जागा मोजक्या का, सगळ्याचं कारण हेच. आणि मजा कशात आहे, त्याचंही कारण हेच.

पुढे ट्रक आले, हायवे आले, मालगाडीचा धंदा बसला. 1960 मध्ये दक्षिणेचा तुकडा पाडायला सुरुवात झाली. शेवटची गाडी 1980 ची, तीन डबे गोठवलेल्या टर्कीचे. मग जवळपास वीस वर्षं नुसती पडून, आणि वाऱ्याने-पक्ष्यांनी आणलेल्या बियांतून वर रान माजलं. खालच्या जागांच्या मालकांना पाडून हवी होती. पीटर ओब्लेट्झ नावाच्या चेल्सीतल्या एका रेल्वेवेड्याने ऐंशीच्या दशकात ती 10 डॉलरला विकत घेतली होती, खरंच दहा, पण कोर्टात तो सौदा टिकला नाही. 1999 मध्ये जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड ही जवळपास राहणारी दोन माणसं, आर्किटेक्ट नाहीत, रेल्वेवाले नाहीत, एका मीटिंगमध्ये भेटली आणि लाइन वाचवायला संस्था काढली. 2001 च्या शेवटी मेयर जुलियानींनी जाता जाता पाडायच्या कागदावर सही पण केली होती, नंतर ब्लूमबर्ग मेयर झाले आणि वारं फिरलं. 2003 मध्ये कल्पना मागवल्या तर 36 देशांतून 720 आल्या, कोणी म्हणे लांबलचक स्विमिंग पूल करा, कोणी म्हणे रोलर कोस्टर. पहिला भाग 2009 ला उघडला, दुसरा 2011, उत्तरेकडच्या रेल्वे यार्डाभोवतीचा 2014. डिझाइन जेम्स कॉर्नरची फर्म आणि डिलर स्कोफिडिओ प्लस रेन्फ्रो यांचं, झाडं पीट औडॉल्फ या डच माणसाची. त्याने ते आपोआप उगवलेलं रानच डोळ्यांसमोर ठेवून लावणी केली, म्हणून ते बागेपेक्षा पडीक लाइनच्या कडेचं गवत वाटतं. आईचा पहिला शेरा "तण काढत नाहीत का रे इथे" असा होता, तो एका अर्थी कॉम्प्लिमेंटच.

त्या दिवशी 23 च्या लिफ्टने उतरलो, टॅक्सी केली, आईने रात्री गुडघ्याला शेक घेतला आणि "छान होतं हं" असं म्हणाली, ज्याने मला अजून वाईट वाटलं. बाबा मात्र चिडलेले, कारण त्यांना कुठूनतरी कळलं होतं की पुढे 30 च्या पलीकडे जुना ट्रॅक न उखडता तसाच ठेवलाय.

दोन आठवड्यांनी परत गेलो. या वेळी लाइन डोक्यात ठेवून प्लॅन केला, म्हणजे आधी लिफ्टी आणि रॅम्प कुठे ते कागदावर लिहिले, मग त्यांच्यामधलं अंतर, मग सावली, आणि मग कुठून चढायचं. बुधवार, सकाळ. न्यूजर्सीहून ट्रेनने पेन स्टेशन, मोयनिहन ट्रेन हॉलमधून बाहेर पडून 9 वी अव्हेन्यू ओलांडली, आणि तिथून 2023 मध्ये झालेला मोयनिहन कनेक्टर, लाकडी पूल, तो स्ट्रोलरसकट थेट हाय लाइनवर नेऊन सोडतो. म्हणजे उत्तरेकडून घुसलो. नवरा ऑफिसला, मी, आई, बाबा, कन्या. पावणेआठला वर. पळणारे चार-सहा लोक, झाडांना पाणी घालणारी एक बाई, बाकी शांतता. कुत्री नाहीत कारण परवानगीच नाही, सायकली पण नाहीत. तीच जागा, पण त्या शनिवारची कोणी म्हटली नसती.

30 च्या दक्षिणेला एक लांबच लांब वळणदार लाकडी बाक आहे, वाटेच्या वळणाबरोबर वळत जाणारा. आईला तिथे बसवली, थर्मासमधला चहा काढला. बाबा स्ट्रोलर घेऊन यार्डाच्या बाजूला, 34 च्या दिशेने निघाले, म्हणाले वीस मिनिटांत येतो.

पन्नास मिनिटं झाली. फोन उचलेनात. शेवटी आई म्हणाली जा बघून ये, मी काही पळून जात नाही. गेले तर हे कठड्याला टेकून उभे, कन्या कडेवर, आणि दोघं खाली बघतायत. खाली लाँग आयलंड रेल रोडचं यार्ड, चालू यार्ड, लोकल ओळीने उभ्या. वरची लाइन त्या यार्डाला वळसा घालून नदीकडे जाते. बाबा नातीला सांगत होते, ती शंटिंगला निघाली बघ, आता पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) बदलणार, बघ, बघ, बदलला. तिला पॉइंट म्हणजे काय कळणार, पण ती मनापासून "बदल्ला" म्हणत होती.

मग मला त्यांनी दाखवायला नेलं. या भागात वाटेतच रूळ उघडे ठेवलेत, काही ठिकाणी दोन रुळांच्या मधून चालता येतं, आणि एका जागी जुनं क्रॉसिंग आहे, जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तो लोखंडाचा व्ही. बाबांनी खाली बसून त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. टोक चपटं झालेलं, चाकं आपटून आपटून. "खूप ट्रॅफिक होता इथे," म्हणाले, "हे नाक बघ. हे असं झालं की आम्ही वेल्डिंग करून घ्यायचो, रात्री, गाड्या बंद ठेवून." शेजारी रुळाच्या पोटाशी पिवळी फुलं आलेली, त्यांच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मला वाटतं त्या बागेत इतक्या बारकाईने लोखंड बघणारा माणूस त्या दिवशी एकच असावा.

परत येऊन आईला घेतलं आणि 30 ते 23, सात ब्लॉक, साडेपाचशे मीटरच्या आसपास, जवळजवळ सपाट वाटेने. 28 पाशी आर्किटेक्ट झाहा हदीदची ती वळणावळणाची बिल्डिंग, इतकी जवळ की कोणाच्या तरी डायनिंग टेबलावरचा फुलांचा पॉट दिसतो. आई म्हणाली यांना पडदे लावून बसावं लागत असेल, एवढे पैसे भरून काय उपयोग. पैशाचं हे प्रकरण मोठं आहे. 2005 मध्ये शहराने आजूबाजूचं झोनिंग, म्हणजे कुठे काय आणि किती बांधायचं याचे नियम, बदललं, लाइनखालच्या जमीनमालकांना आपला बांधायचा हक्क शेजारच्या प्लॉटवाल्यांना विकता येऊ लागला, आणि पाडा म्हणणारे गप्प झाले. मग टॉवर उठले. तिथूनच जरा पूर्वेला 9 आणि 10 व्या अव्हेन्यूमध्ये विटांच्या सरकारी घरांच्या इमारती आहेत, एलियट-चेल्सी हाउसेस, तिथल्या रहिवाशांना ही बाग आपली वाटली नाही हे खुद्द हॅमंडनी 2017 मध्ये मान्य केलं, की आम्ही तिथल्या लोकांसाठी करायला निघालो आणि त्यात कमी पडलो. स्वतःच्या गाजलेल्या कामाबद्दल एवढं बोलणारे कमीच. मला बाग आवडते आणि हेही खुपतं, दोन्ही.

25-26 ला वाट झाडांच्या शेंड्यांतून जाते, लोखंडी पूल अजून थोडा वर चढतो, पण जिना नाही, चढ इतका हळू की आईला कळलाही नाही. दोन्ही बाजूंना उंच भिंती म्हणून सावली. तिथे ती न बसता चालली, हे मी मुद्दाम लिहून ठेवलंय. दहाच्या आत 23 ची लिफ्ट, खाली नाश्ता, गुडघे ठीक.

आता 14 ते 16 चा तुकडा तिला परत करायचाय, त्या फॅक्टरीच्या पोटातल्या सावलीत बसायचं राहिलंय. ऑक्टोबरमध्ये, सकाळी, 14 च्या लिफ्टने वर, 16 ला चहा, आणि 14 लाच परत खाली. बाबा म्हणतात तुम्ही दोघी बसा, मी यार्डावर जाऊन येतो.